बुधवारचा स्लॉपी जो

"बाबा, हा खिमा आहे."

आठ वर्षांच्या लेकीनं एवढंच म्हणून बन उघडला, आतला ऐवज मला नीट दिसेल असा धरला, पुन्हा मिटला आणि ताट पुढं सरकवलं. चार वर्षांचा धाकटा तोवर जीभ बाहेर काढून पाणी मागत होता. कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई एक घास खाऊन थांबली. "खिमा म्हणावा तर गोड आहे रे. कुणी करायला सांगितलं हे?"

सांगितलं होतं लेकीनंच. मैत्रिणीकडं एक रात्र राहायला गेली होती. आम्ही गोमांस खात नाही हे ठाऊक असल्यामुळं मैत्रिणीच्या आईनं मुद्दाम टर्की पक्ष्याच्या मांसाचा स्लॉपी जो, म्हणजे बनात भरलेला टोमॅटोच्या रश्श्यातला खिमा, केला, आणि घरी आल्यापासून लेकीनं त्याच्याखेरीज दुसरं काही बोलायचं नाही असं ठरवलं. आम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइन्सला राहतो. बुधवारी बायकोची इस्पितळाच्या लॅबमधली पाळी रात्री आठला संपते. लेकीचं पोहणं साडेसहाला असतं आणि मी पाच वाजता घरी पोचतो. म्हणजे पाच ते सव्वासहा एवढ्यात रांधायचं, वाढायचं, दोन पोरांना भरवून गाडीत घालायचं. बुधवारच का, तर आईचा सोमवार महादेवाचा, मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईचे, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. पातेल्यात मांस पडायला आठवड्यात बुधवार आणि रविवार एवढेच उरतात.

तर तो पहिला बुधवार. मला वाटलं होतं, यात शिकण्यासारखं आहेच काय? बारीक मांस, कांदा, टोमॅटो आणि पाव. खिमा-पावाचा अमेरिकन चुलतभाऊ. मी कांदा लालसर परतला, आलं-लसणाचा गोळा टाकला, आणि मोबाइलवरच्या कृतीत एक मोठा चमचा 'चिली पावडर' लिहिली होती म्हणून आईनं आणलेलं लाल तिखट एक मोठा चमचा भरून घातलं. इथल्या दुकानात त्या नावानं जी बाटली मिळते तिच्यात सौम्य मिरचीच्या जोडीला जिरं, ओरेगानो आणि लसणाची पूड असते. मुळात ते त्यांच्या 'चिली' नावाच्या कालवणाचं मसाला-मिश्रण. आपल्या तिखटाशी त्याचं नात्यागोत्याचंही काही नाही. हे मला अकरा वर्षं या देशात राहून त्या दिवशी कळलं. तिखट जास्त झालंय हे ध्यानात आल्यावर मी केचप वाढवलं, केचपनं गोड झालं म्हणून गरम मसाला घातला, आणि मग कोथिंबीर सोडून दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणून तीही घातली.

मांसाचं तर वेगळंच झालं. टर्कीचा खिमा इथं थर्माकोलच्या थाळीत ओल्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखा येतो. मी तो सगळा एकदम परतलेल्या कांद्यावर पालथा केला आणि हलवत बसलो. पाणी सुटलं, मांस त्या पाण्यात उकडलं, राखाडी झालं आणि त्याचे छर्‍यांसारखे घट्ट गोळे बनले. बनात चमचाभर भरलं की चार छर्रे ताटात गडगडत जायचे.

त्या रात्री पोरांनी दूध आणि सीरियल खाल्लं. लेक ओल्या पोहण्याच्या पिशवीसकट गाडीतून उतरताना म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी *खरा* करशील?"

दुसर्‍या बुधवारी मी गर्व बाजूला ठेवला. मैत्रिणीच्या आईला मेसेज करून विचारलं. उत्तर आलं, डबा! मॅनविचचा डबा, एक पौंड मांस, झालं. हा तयार सॉस इथं १९६९ पासून मिळतो. आमच्या वयाच्या अमेरिकन माणसांच्या बालपणात तो असा बसला आहे, जशी आपल्या बालपणात पोह्यांची पिशवी. आणला, केला. लेक दोन बन खाऊन उठली. "हा आहे," म्हणाली.

मला खरं तर तिथंच थांबता आलं असतं. पण मी चमचा घेऊन कढईपाशी उभा राहिलो आणि हळूहळू चाखत गेलो, कारण कळायला हवं होतं की माझ्यात आणि डब्यात फरक कसला. गरम मसाल्याचं नाव नाही. आल्याचं नाव नाही. टोमॅटो, गोडी, मागून येणारी व्हिनेगरची आंबट टोचणी, आणि ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास. एवढंच. मी ज्याला फोडणीचा पाया समजत होतो तो पदार्थात नव्हताच.

मधल्या शनिवारी बर्फ ओढताना शेजारच्या आजीबाईंकडं विषय काढला. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या आयोवातल्याच सू सिटीकडच्या. त्यांनी फावडं टेकवलं आणि सांगितलं, "आमच्याकडं त्याला टॅव्हर्न म्हणायचे. आणि त्यात टोमॅटो नसायचा. टोमॅटो घातला की तो स्लॉपी जो." आयोवात हे मोकळ्या मांसाचं सँडविच फार जुनं आहे. मस्काटीन गावात १९२६ मध्ये फ्रेड एंजेल या खाटकानं मेड-राइट नावानं ते विकायला सुरुवात केली. त्या नावाची दुकानं अजून चालतात आणि सँडविचबरोबर चमचा देतात, सांडलेलं उचलायला. त्यातल्या मांसाला रस्सा असा नसतोच, नुसतं भुरभुरीत शिजवलेलं. सू सिटीच्याच कुणा जो नावाच्या आचार्‍यानं त्यात टोमॅटो सॉस ओतला आणि नाव पडलं, अशी एक गोष्ट सांगतात. दुसरी गोष्ट क्यूबामधल्या हवानाच्या आणि फ्लोरिडातल्या की वेस्टच्या 'स्लॉपी जोज्' नावाच्या दारूच्या अड्ड्यांकडं बोट दाखवते. मला आयोवाची बाजू घ्यावीशी वाटते, कारण मी इथं कर भरतो.

न्यू जर्सी राज्यात एडिसन गावी राहणाऱ्या माझ्या मावसभावाला मात्र फोनवर हे सांगायला गेलो तर तो म्हणाला, "अरे, स्लॉपी जो गरम कुठं असतो?" त्याच्या न्यू जर्सीत त्याच नावाचा एक थंडगार प्रकार मिळतो: राय नावाच्या धान्याच्या पावाचे तीन थर, मध्ये मांसाचे पातळ काप, कोलस्लॉ म्हणजे कोबीची कोशिंबीर, आणि रशियन ड्रेसिंग नावाचा सॉस. तिथल्या साउथ ऑरेंज गावच्या टाउन हॉल डेली या दुकानाचं ते खास. दहा मिनिटं आम्ही एकमेकांना मूर्ख ठरवत होतो.

नावाचा अर्थ आईनं विचारला. 'स्लॉपी' म्हणजे गबाळं, लिबलिबीत. आणि 'जो' म्हणजे कुणीही, आपला बाळू किंवा गणप्या. "म्हणजे गबाळ्या गणप्या," ती म्हणाली, आणि तेव्हापासून आमच्या घरात तेच नाव आहे.

तिसरा बुधवार. यावेळी पुरतं ठरवून उतरलो.

पाच वाजून पाच मिनिटांनी ओव्हन ४२५ अंश फॅरनहाइटवर लावला आणि टेटर टॉट्सची पिशवी फ्रीझरमधून काढली. बटाट्याच्या किसाच्या या लहान गुंडाळ्या म्हणजे काटकसरीची कमाल आहे. १९५३ मध्ये ओर-आयडा कंपनीनं फ्रेंच फ्राइज कापून उरलेल्या बारीक तुकड्यांतून त्या काढल्या. त्यांना पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून त्या आधी.

मग खिमा. यावेळी ९३ टक्के मांस आणि ७ टक्के चरबीवाला टर्कीचा घेतला. ९९ टक्केवाला जवळच ठेवलेला असतो, पण तो चामड्यासारखा होतो. एक पौंडाला, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमला, पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा एक चमचा पाण्यात विरघळवून हलक्या हातानं चोळला आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवला. सोड्यानं मांसाची आम्लता कमी होते, शिजताना त्यातली प्रथिनं कमी आवळतात आणि पाणी आतच राहतं. छर्रे होत नाहीत. आई दुरून बघत होती. "छोल्यात घालतात तसा?" हो, तसाच. पण मोजून. सोडा जास्त झाला तर साबणाची चव येते.

तेवढ्यात एक मध्यम कांदा आणि अर्धी हिरवी ढोबळी मिरची बारीक चिरली. आपल्या पुलावाला चिरतो त्याहून बारीक. मोठे तुकडे राहिले की लेक ते एकेक करून ताटाच्या काठावर मांडते, जणू पुरावे.

बिडाची कढई चांगली तापवली, एक चमचा तेल, आणि सगळा खिमा एका जाड थालीपीठासारखा पसरून दाबला. आणि मग, हे माझ्यासाठी सगळ्यात अवघड होतं, हात मागं घेतले. चार मिनिटं काहीही करायचं नाही. आपला हात असा की कढईत काही असलं की डाव फिरलाच पाहिजे. पण खालची बाजू तांबूस, खरपूस व्हायची तर मांस तापल्या लोखंडाला चिकटून राहायला हवं. हलवत राहिलं की पाणी सुटतं आणि पहिल्या बुधवारची पुनरावृत्ती होते. वास बदलला, कडा तपकिरी दिसल्या, तेव्हा चार तुकडे करून उलटले. आणखी दोन मिनिटं.

मग फोडायचं कसं? उलथन्यानं ते बारीक होत नव्हतं. आईनं खणातून पावभाजीचा मॅशर काढला आणि न बोलता माझ्या हातात दिला. भारतातून इथं आलेल्या एकूण एक मराठी घरात तो असतो आणि वर्षातून पाचदा वापरला जातो. चार-पाच दाबांत मांस रव्याच्या सांज्यासारखं मोकळं झालं. एवढं सोपं. पहिल्या दिवशी मी लाकडी डावानं एकेक गोळा कढईच्या भिंतीला चिरडत बसलो होतो.

आता कांदा आणि मिरची मांसावरच टाकली. आधी परतून नाही. कांदा लाल करायचा मोह टाळायचा होता. लाल कांद्याची गोडी वेगळी, ती पदार्थाला पुन्हा आपल्या वाड्यात ओढून आणते. काचेसारखा झाला की पुरे. पाच मिनिटं. दोन लसूण पाकळ्या ठेचून, मग एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट मिनिटभर परतली, तिचा कच्चा वास जाईपर्यंत.

पाऊण कप केचप. अर्धा कप पाणी. एक चहाचा चमचा पिवळी मस्टर्ड, तीच जी हॉटडॉगवर नागमोडी ओढतात. अर्धा चमचा ती इथली मिश्र चिली पावडर. मीठ अगदी कमी, कारण केचपमध्ये आहेच. आणि एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस.

त्या बाटलीचं झाकण उघडलं आणि आई ओट्यापाशी आली. बाटली हातात घेऊन हुंगली. पुन्हा हुंगली. "यात चिंच आहे."

मी हसलो. मग मागचं लेबल वाचलं. व्हिनेगर, काकवी, अँचोव्ही नावाची छोटी खारवलेली मासळी, कांदा, लसूण, लवंग, आणि चिंच. इंग्लंडच्या वूस्टर गावात ली आणि पेरिन्स नावाचे दोन औषधविक्रेते १८३७ पासून हे विकत होते आणि माझ्या फ्रिजच्या दारात ते चार वर्षं उभं होतं. नाव कसं उच्चारायचं एवढाच मला त्याबद्दल पडलेला प्रश्न होता. आईला नाव वाचताही येत नव्हतं.

"आणि सुकटीचा पण वास येतोय," ती म्हणाली. "बरोबर आहे मग. चिंच घातलीस, आता गूळ घाल."

कृतीत होती ब्राऊन शुगर. ती म्हणजे तरी काय, पांढर्‍या साखरेत परत मिसळलेली काकवी. डब्यात कोल्हापूरचा गूळ होता, आईच्या बॅगेतून आलेला, कस्टम्सच्या माणसानं दोनदा दाबून पाहिलेला. मी क्षणभर थबकलो. गेल्या वेळी असंच एकेक घरचं घालत गेलो आणि खिमा झाला होता. पण गूळ एक मोठा चमचा किसून घातला, आणि तो विरघळला तसा कढईतून जो वास आला तो मला खिम्याचा वाटलाच नाही. तो गुरुवारच्या आमटीचा होता. चिंचगुळाचा. आमटीतून गोडा मसाला आणि फोडणी काढून घेतली, डाळीऐवजी मांस घातलं आणि टोमॅटो वाढवला तर जे उरेल, तसा काहीसा. इतके दिवस मी या पदार्थाकडं मांसाच्या बाजूनं बघत होतो, म्हणून तो सारखा खिम्याकडं झुकत होता. त्याची चव रश्श्यात आहे. मांस फक्त तो रस्सा धरून ठेवायला.

आच मंद केली. आता पंधरा मिनिटं. या पंधरा मिनिटांत धाकट्याचे बूट शोधले, लेकीचा पोहण्याचा चष्मा शोधला, टॉट्स एकदा हलवले. रस्सा कितपत आटवायचा याची एक खूण सापडली: डाव कढईच्या तळावरून ओढला की वाट पडते. ती लगेच भरून आली तर अजून पाणी आहे, बनाचा लगदा होणार. तशीच कोरडी राहिली तर जास्त आटलंय, दोन चमचे पाणी घाल. हळूहळू मिटली की गॅस बंद. शेवटी एक चहाचा चमचा व्हिनेगर, आच बंद केल्यावर. आधी घातलं तर त्याची धार शिजून जाते. डब्यातल्या सॉसमध्ये मला जी टोचणी जाणवली होती ती हीच.

बन आठाच्या पाकिटात येतात. बटाट्याचे, पिवळसर, मऊ. ते नुसते भरले तर तीन मिनिटांत खालचा अर्धा विरघळतो, म्हणून आतल्या बाजूंना लोणी लावून तव्यावर पालथे टाकले, तांबूस होईपर्यंत. पावभाजीच्या गाडीवर करतात तेच, फक्त वर मसाला न भुरभुरता. वर लोणच्याच्या काकडीच्या चकत्या, त्या आंबट शेपूच्या वासाच्या. लेकीच्या बनावर चीजचा एक काप.

सहा वाजायला पाच मिनिटं कमी.

लेकीनं पहिला घास घेतला. बनाच्या मागच्या बाजूनं रस्सा निघून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिनं तो चाटला. मी काही विचारलं नाही. या वयात विचारलं की उत्तर बदलतं. दुसरा घास. मग टॉट रश्श्यात बुडवून खाल्ला. मग म्हणाली, "चीज अजून एक मिळेल?"

धाकट्यानं बन बाजूला ठेवला आणि आतलं चमच्यानं खाल्लं. मेड-राइटच्या दुकानातही चमचा देतातच. आईनं बन हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला, कुठून धरावा ते कळेना, आणि शेवटी उठून सकाळची चपाती गरम केली. चपातीबरोबर, फोडलेला कांदा घेऊन, दोनदा वाढून घेतला. "बरा झालाय गबाळ्या," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून 'बरा' म्हणजे काय हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

सव्वासहाला आम्ही गाडीत होतो. उणे अकरा सेल्सियस होतं, लेकीच्या कोटाच्या बाहीवर एक केशरी डाग होता, आणि तो मी पाहिला नाही असं ठरवलं.

बायको साडेआठला आली. तिच्यासाठी दोन बनांपुरतं कढईतच ठेवलं होतं. तोवर घट्ट झालं होतं, दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर परत सैल केलं. मायक्रोवेव्हमध्ये ते कडेला वाळतं आणि मध्ये थंड राहतं. तिनं ओट्याला टेकून उभ्यानंच खायला सुरुवात केली. अर्धा बन संपल्यावर माझ्याकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं. पोरं झोपली होती. तिनं वरच्या फळीवरचा कांदा-लसूण मसाल्याचा डबा काढला आणि चिमूटभर भुरभुरला. मग मलाही एक बन भरून दिला, मसाल्यासकट. आई स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली, आमच्याकडं बघितलं, आणि खुर्ची ओढून बसली. रात्री पावणेदहापर्यंत आम्ही तिघांनी कढई पुसून काढली.

सकाळी लेक नाश्त्याला खाली आली आणि कढईवर नाक नेऊन थांबली.

"यात कुणी मसाला घातला?"

आई चहात बिस्किट बुडवत होती. मान वर न करता म्हणाली, "गुरुवार आहे बाळा. मांसाच्या भांड्याजवळ जाऊ नकोस."